स्वीडिशमधला ‘पोलाक’ इंग्रजी कानाने का ऐकायचा?

इंद्रायणी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात स्टॉकहोममध्ये आमच्या ऑफिसात एक वाद झाला. एका स्वीडिश सहकाऱ्याने नव्या इंजिनिअरची ओळख स्वीडिशमध्ये करून देताना तो ‘पोलाक’ आहे असं सांगितलं. अर्थ एवढाच की तो पोलंडचा आहे. शेजारी अमेरिकेहून आलेली एक बाई बसली होती. तिने तोच शब्द इंग्रजीतला ‘पोलॅक’ म्हणून ऐकला आणि थेट एचआरकडे गेली. इंग्रजीत ही पोलिश माणसाला हिणवण्याची शिवी आहे, त्यामुळे तिला धक्का बसणं साहजिक होतं. पण निर्णय काय झाला? हा शब्द ऑफिसात कुठल्याच भाषेत वापरायचा नाही. ज्याच्यावरून एवढं रामायण झालं त्या पोलिश माणसाला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. पोलिश माणूस स्वतःला ‘पोलाक’ म्हणतो, त्याच्या भाषेत दुसरा शब्दच नाही. चेक आणि स्लोव्हाकमध्ये तोच शब्द, रशियनमध्ये ‘पल्याक’, नॉर्वेजियन, डॅनिश आणि स्वीडिशमध्ये थोड्याफार फरकाने तोच. इटालियनमध्ये ‘पोलाक्को’. दुसरे जॉन पॉल १९७८ ते २००५ अशी सव्वीस वर्षं पोप होते आणि सगळी इटली त्यांना ‘पापा पोलाक्को’ म्हणत होती, तेही मायेने. खुद्द इंग्रजीतही हा शब्द मुळात वाईट नव्हता. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये पोलंडच्या लढायांचा उल्लेख येतो तो याच शब्दाने, आणि तिथे त्यात कसलीही हेटाळणी नाही. तो नासला अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. पोलंडमधून खेडूत माणसं आली आणि खाणींत, कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत कामाला लागली, तेव्हा. १८९७ साली पेनसिल्वेनियात लॅटिमर इथे निःशस्त्र मोर्च्यावर शेरिफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि १९ खाणकामगार मेले. त्यांत पोलिश होते, स्लोव्हाक होते, लिथुआनियन होते. अशा माणसांना उद्देशून तो शब्द वर्षानुवर्षं थुंकल्यासारखा वापरला गेला. इंग्रजीतलं विष आलं ते तिथून. स्वीडिशमध्ये हा इतिहास घडलेलाच नाही. मग एका भाषेचं पाप दुसरीच्या माथी का मारायचं?

चकमक

असहमत. इंद्रायणी, तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. शब्द आपापल्या भाषेच्या कुंपणात राहत होते तो काळ गेला. तुमच्या ऑफिसात सकाळची मीटिंग इंग्रजीत होते आणि जेवताना स्वीडिश चालतं. तीच माणसं, तेच कान. दहा मिनिटांपूर्वी शिवी असलेला शब्द जेवणाच्या टेबलावर निष्पाप कसा होईल?

आपल्याकडचं ‘घाटी’ बघा. कोकणातल्या माणसाच्या तोंडी तो घाटावरचा माणूस, फार तर थोडी चेष्टा. मुंबईत तोच शब्द मराठी कामकऱ्याच्या तोंडावर फेकला गेला. गोव्यात घाटापलीकडून आलेल्या मजुराला आजही तो ऐकावा लागतो. मुंबईत ज्याने तो खाल्ला आहे तो माणूस सावंतवाडीत गेला की कोश उघडून बसत नाही, त्याला तो लागतोच.

आणि स्वीडिशमध्ये इतिहास घडला नाही हे कशावरून? १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आलं आणि स्वीडनने पहिल्या दिवसापासून दारं उघडली. नॉर्वेत तर आज पोलिश हाच सगळ्यांत मोठा स्थलांतरित गट आहे, लाखाच्या वर. बांधकामावर, मासळीच्या कारखान्यात, साफसफाईला. अमेरिकेत हेच तर झालं होतं. हलकी कामं एकाच देशाच्या माणसांच्या वाट्याला आली की त्या देशाचं नाव हळूहळू हलकं होतं. इतिहास घडून संपेपर्यंत थांबायचं का?

रानवारा

मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. या भागात ही गोष्ट जिवंत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मनमध्ये साधा शब्द ‘पोल’ आणि शिवी ‘पोलाक’ला एकार लावून, ‘पोलाके’. म्हणजे पोलिश माणसाने स्वतःला दिलेलं नाव जर्मनांनी उचललं आणि तेच त्याच्या तोंडावर मारलं. इंद्रायणीताईंचा सूर असा दिसतो की स्वतःचं नाव ही शिवी असूच शकत नाही. आमच्या या रूरच्या खोऱ्यात ती झाली.

१८७० नंतर प्रशिया या जर्मन राज्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांतून लाखांनी पोलिश भाषिक इथे कोळशाच्या खाणीत आले. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियाने केलेल्या १७९५ च्या तिसऱ्या फाळणीत तो पुसला गेला होता. ही माणसं कायद्याने प्रशियन प्रजा, बोलायला पोलिश. बोखुममधून १८९० पासून त्यांचं ‘वियारुस पोल्स्की’ हे वर्तमानपत्र निघायचं. पूर्वेकडे व्झेश्न्या या गावात १९०१ साली शाळकरी मुलांनी जर्मनमधून धर्मशिक्षण घ्यायला नकार दिला म्हणून त्यांना छड्या बसल्या. १९०८ च्या कायद्याने इथे खाणपट्ट्यात जाहीर सभेत जर्मनच बोलायची सक्ती आली.

फुटबॉलचं उदाहरण देतो, म्हणजे हे किती आत गेलं होतं ते कळेल. शाल्के हा गेल्झनकिर्शनचा खाणकामगारांचा क्लब. श्चेपान, कुझोरा अशा आडनावांचे खेळाडू, म्हणून विरोधी प्रेक्षक त्याला ‘पोलाके क्लब’ म्हणून हिणवायचे. १९३४ साली हा क्लब जर्मन विजेता झाला. पोलंडच्या वृत्तपत्रांनी लिहिलं की जर्मनीचं अजिंक्यपद पोलिश मुलांच्या हातात गेलं. तेव्हा क्लबने काय करावं? खेळाडूंचे आईवडील कुठे जन्मले याची यादी देऊन जाहीर खुलासा केला की ही सगळी जर्मन घरं आहेत. जिंकलेल्या संघाला आपल्या आडनावांचा खुलासा द्यावा लागला. ही त्या एका शब्दाची दहशत.

म्हणून माझं मत चकमक यांच्या बाजूला झुकतं. शब्द कुठून आला याने काही ठरत नाही. तो कुणी कुणावर चालवला याने ठरतं.

इंद्रायणी

रानवारा, शाल्केचं माहीत नव्हतं, आभार. पण तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे माझाच मुद्दा आहे. ‘कुणी कुणावर चालवला’ याचं उत्तर जर्मनीत एक, अमेरिकेत एक, स्वीडनमध्ये तिसरं. स्वतःचं नाव शिवी होऊ शकत नाही असं मी म्हटलेलं नाही. जिथे झालं तिथे टाकावं. जिथे झालं नाही तिथे दुसऱ्याच्या इतिहासाचा दंड भरू नये.

बकुळ

मी जर्मनमधून मराठीत अनुवाद करते. तुमचं दोघांचं भांडण नामावर चाललंय आणि डंख भलतीकडेच आहे असं मला वाटतं.

जर्मनमध्ये ‘पोलनिशे विर्टशाफ्ट’ असा वाक्प्रचार आहे. शब्दशः ‘पोलिश कारभार’, अर्थ गलथान, अजागळ कारभार. यात शिवीचा शब्दच नाही, ‘पोलिश’ हे सभ्य विशेषण आहे. डचमध्ये गोंधळाच्या सभेला ‘पोल्स लांडडाख’ म्हणतात, म्हणजे पोलिश संसद. आणि इंद्रायणी, तुमच्या स्वीडिशमध्ये ‘पोल्स्क रिक्सदाग’ आहेच, अर्थ तोच. हे आलं कुठून? पोलंडच्या जुन्या संसदेत, सेयममध्ये, एका सभासदाने ‘मला मंजूर नाही’ म्हटलं की सगळं अधिवेशन मोडायचं. १६५२ मध्ये एका सभासदाच्या अशा नकाराने पहिल्यांदा अधिवेशन फिसकटलं आणि पुढे शेजारी राष्ट्रं पैसे चारून हाच नकार विकत घेऊ लागली. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने पोलंडने स्वतः ही पद्धत मोडली. तोवर उशीर झाला होता, चार वर्षांत देश गेला. ज्यांनी तो गिळला त्यांच्याच भाषेत ‘पोलिश कारभार’ हा वाक्प्रचार रूढ आहे. मला याची चीड येते.

तेव्हा तुमच्या एचआरने ‘पोलाक’ बंद केला आणि ‘पोल्स्क रिक्सदाग’ मोकळा सोडला असेल तर त्यांनी निरुपद्रवी शब्द पकडला आणि अपमान सोडून दिला. उद्या मीटिंगमध्ये गोंधळ झाला की कुणीतरी तो वाक्प्रचार सहज वापरेल आणि तक्रार होणार नाही, कारण इंग्रजीत त्याचा प्रतिध्वनी नाही.

आणखी एक. मार्च १९४० मध्ये नाझींनी जर्मनीत राबवलेल्या पोलिश मजुरांना कपड्यावर बिल्ला लावायची सक्ती केली. पिवळा चौकोन, जांभळी कड, मधे जांभळा ‘पी’. हे अक्षर ‘पोल’ या साध्या, अधिकृत, कोशात निर्दोष असलेल्या शब्दाचं. सभ्य शब्द लावून माणसाला गुलाम करता येतं. म्हणून शब्दांच्या याद्या करण्यावर माझा फार विश्वास नाही.

चकमक

बकुळताई, वाक्प्रचाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यावरून ‘मग नामही राहू द्या’ हे कसं निघतं? दोन्ही काढा. सभ्य शब्दाने गुलाम करता येतं म्हणून असभ्य शब्दाला मोकळीक मिळत नाही.

फातोर्डेकार

पोर्तुगीजची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात आजोबा पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले, पोर्तुगीज वृत्तपत्र वाचणारे. त्यांच्या तोंडी ‘पोलाको’ म्हणजे पोलंडचा माणूस, बस्स. लिस्बनमध्ये आजही तेच. ब्राझीलमध्ये मात्र वृत्तपत्र उघडलंत तर ‘पोलोनेस’ दिसेल. भाषा एकच, समुद्र ओलांडला की शब्द बदलतो. का, ते वाईट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातल्या गरीब ज्यू घरांतल्या मुलींना लग्नाची आमिषं दाखवून रिओ, साओ पाउलो, ब्वेनोस आयरेस इथे नेऊन वेश्याव्यवसायात ढकलत. रिओमध्ये ‘पोलाका’ या शब्दाचा अर्थच वेश्या झाला, मग ती बाई पोलंडची असो वा नसो. ब्वेनोस आयरेसमधल्या दलालांच्या संघटनेचं नाव तर ‘वार्सोव्हिया’ होतं, म्हणजे वॉर्सा. पोलंडच्या वकिलातीने हरकत घेतल्यावर ते ‘झ्वी मिग्दाल’ झालं. राकेल लिबरमान नावाच्या त्यांच्याच एका बळीने १९२९ च्या शेवटी पोलिसांत तक्रार दिली, तिच्यामुळे ती टोळी मोडली. रिओमध्ये या बायकांना समाजाच्या दफनभूमीत जागा मिळेना. त्यांनी आपसांत पैसे जमवून मंडळ काढलं, इन्याउमा इथे स्वतःची दफनभूमी घेतली, स्वतःचं प्रार्थनागृह चालवलं. ज्यांना सगळं शहर एका शब्दात बुडवत होतं त्या बायकांनी एकमेकींचे अंत्यविधी रीतीप्रमाणे केले.

या शब्दाने पुढे पराना राज्यातल्या पोलिश शेतकऱ्यांच्या लेकीबाळींना त्रास दिला, म्हणून ‘पोलोनेस’ रूढ झाला. पण तिथल्या कुरितिबा शहराकडे त्याच घरांतले कितीतरी जण आज छाती पुढे काढून ‘आम्ही पोलाको’ म्हणतात.

इंद्रायणीताई, तुम्ही ‘भाषा’ हे माप धरलंय. पोर्तुगीज एकच भाषा आहे. कुठल्या पोर्तुगीजचा निकाल मानायचा? स्पॅनिशमध्ये तर अजून वेगळं. ‘पोलाको’ म्हणजे पोलिश हे ठीक, पण स्पेनमध्ये हा कॅटलान, म्हणजे तिथल्याच कॅटलोनिया प्रांतातल्या माणसाला हिणवायचाही शब्द आहे. पोलंडचा काही संबंध नाही. कॅटलान लोकांनी काय केलं, त्यांच्या टीव्हीवर २००६ पासून राजकीय विडंबनाचा कार्यक्रम आहे, त्याचं नावच ‘पोलोनिया’, म्हणजे पोलंड, ठेवलं.

इंद्रायणी

फातोर्डेकार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इन्याउमाचं वाचून गलबलून आलं.

माप ‘भाषा’पेक्षा ‘समाज’ म्हणू. रिओचा समाज एक, लिस्बनचा दुसरा. पण मग तुमच्याच उदाहरणात निकाल कुणी दिला ते बघा. ब्राझीलमध्ये शब्द बदलला तो तिथल्या पोलिश घरांना त्रास झाला म्हणून. कुरितिबात परत उचलला तोही त्यांच्याच नातवंडांनी. बाहेरून येऊन तिसऱ्याने ठरवलं नाही. स्टॉकहोममध्ये अमेरिकेहून आलेल्या बाईने ठरवलं आणि एचआरने मान डोलावली. माझी हरकत तिथे आहे.

चकमक

विचारा, विचारा म्हणताय. कुणाला? तो मुलगा नवा आहे, प्रोबेशनवर आहे. त्याला सगळ्यांसमोर विचारलंत, ‘तुला या शब्दाचं वाईट वाटतं का रे?’ तर तो काय सांगणार? ‘छे, छे, चालतं.’ मुंबईत किती मराठी पोरांनी हसून ‘चालतं’ म्हटलंय ते मला माहीत आहे. परक्या देशात, व्हिसा नाही तरी नोकरी टिकवायची असताना माणूस खरं बोलेल हे गृहीत धरता येत नाही.

आणि आता पोलंडचंच उदाहरण घ्या. पोलिशमध्ये काळ्या माणसाला ‘मुझिन’ म्हणायची शतकांची रीत. पोलिश लोक अगदी तुमच्यासारखंच म्हणायचे, की आमच्या भाषेत यात काही वाईट नाही, अमेरिकेतल्या शिवीशी आमचा संबंध नाही, आमची काही त्यांच्यासारखी गुलामांची जहाजं नव्हती. २०२० मध्ये पोलंडमध्ये वाढलेल्या काळ्या मुलींनी पुढे येऊन सांगितलं की शाळेत हा शब्द आम्हाला कसा लागायचा. २०२१ मध्ये पोलिश भाषा परिषदेने मत दिलं की हा शब्द आता निर्दोष राहिलेला नाही, सार्वजनिक लिखाणात टाळावा. ‘आमच्या भाषेत निर्दोष आहे’ हा बचाव खुद्द पोलिश लोकांच्या परिषदेने स्वतःच्या शब्दासाठी मान्य केला नाही.

शेणोलीकर

चर्चा चांगली चालली आहे. मी कोल्हापूरचा, म्हणून वळिवड्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९४३ ते ४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीने सैबेरिया, कझाकस्तानात हाकललेली आणि इराणमार्गे इकडे आलेली. ती गेल्यावर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर ते.

इराणचं नाव घेतलं त्याला कारण आहे. फारसीत पोलंडला ‘लहेस्तान’ म्हणतात. तुर्कांच्या जुन्या कागदांत ‘लेहिस्तान’. हंगेरियनमध्ये पोलिश माणूस ‘लेंग्येल’, लिथुआनियनमध्ये ‘लेंकास’. पोलंडच्या पूर्वेकडच्या एका जुन्या जमातीच्या नावावरून ही सगळी कुळी निघाली. आता या शब्दाचं बघा. हंगेरीत ‘लेंग्येल’ म्हणजे जिवाभावाचा भाऊ. पोलिश आणि हंगेरियन दोघं भाऊ, तलवारीलाही आणि पेल्यालाही, अशी म्हण दोन्ही भाषांत आहे. त्याच कुळीतला ‘ल्याख’ युक्रेनियन आणि रशियनमध्ये जुन्या वैराने भरलेला आहे. युक्रेनमधल्या १६४८ च्या कोसॅक बंडापासून जमीनदार, पाद्री, कर असं सगळं त्या शब्दाला चिकटलं. एक मूळ, एकीकडे मिठी, एकीकडे तलवार. इराणात आलेल्या त्या अनाथ पोरांना ‘लहेस्तानी’ म्हटलं जायचं तेव्हा त्यात यातलं काहीच नव्हतं.

तेव्हा चकमक, मला तुमचा युक्तिवाद इथे अडतो. शब्द कुंपणात राहत नाही म्हणता, तर मग युक्रेनियन माणसाच्या कानाला खटकतं म्हणून हंगेरियनांनी ‘लेंग्येल’ सोडावा का? कुणीच असं म्हणणार नाही. इंग्रजी कानाला खटकलं तरच जग शब्द सोडतं, कारण इंग्रजीचं वजन जास्त. हा न्याय मला मंजूर नाही. आपल्या मराठीनेही सावध राहावं. आपण ‘पोलिश’ म्हणतो तेवढं पुरे, आणि उद्या स्वीडनहून बातमी आली तर तिथला ‘पोलाक’ शिवी म्हणून छापू नये.

चकमक

शेणोलीकरकाका, ‘लेंग्येल’ आणि ‘ल्याख’ कानाला वेगळे आहेत. ‘पोलाक’ आणि ‘पोलॅक’ एकाच खोलीत बोलले तर कुणालाही एकच वाटतील. फरक तिथे आहे. पण इंग्रजीच्या वजनाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रानवारा

‘मुझिन’च्या उदाहरणावर एक. पोलंडमध्ये तक्रार घेऊन कोण आलं? तिथेच वाढलेल्या काळ्या मुली. म्हणजे इंद्रायणीताई म्हणतात तसंच, ज्यांना शब्द लागतो त्यांनी त्याच समाजात उभं राहून सांगितलं. स्वीडनमधल्या पोलिश लोकांनी असं काही मागितलं असेल तर मी लगेच चकमक यांच्या बाजूने. नसेल तर एचआरने घाई केली.

इंद्रायणी

प्रोबेशनचा मुद्दा माझ्या मनात घर करून बसला. आमच्याकडे तीन मजल्यांवर मिळून बरेच पोलिश सहकारी आहेत, काही वीस वर्षं इथे राहिलेले. येत्या बैठकीत मी एवढंच मागणार आहे की बंदी तूर्त थांबवा आणि या सगळ्यांना नाव न लिहिता, लेखी विचारा. उत्तर माझ्या विरुद्ध आलं तर मी ते मानेन.

बकुळ

यात ‘पोल्स्क रिक्सदाग’बद्दलही विचारा. विसरू नका.

चकमक

लेखी आणि निनावी असेल तर माझी हरकत नाही. फक्त प्रश्न दोन करा, स्वीडिशमध्ये बोलताना आणि इंग्रजीत बोलताना. आणि कागद पोलिशमध्येही द्या, नाहीतर परत इंग्रजीतच विचाराल.